पंपाची कुंची

पाणी बत्तीस डिग्री फॅरनहाइटला गोठतं हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण ही गोष्ट मनाला लावून घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. आम्ही दोघं एकाच घरचे जावई. ते थोरले, मी धाकटा. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला नुसतं 'धाकटे' म्हणतात, जणू ते माझं पाळण्यातलं नाव आहे. माझ्या लग्नात ओळख करून देताना सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "हे आमचे थोरले जावई. स्वभावानं फार शांत हो." सासूबाईंनी तोवर त्यांना फक्त उन्हाळ्यात पाहिलं होतं.

भाऊजी नागपूरचे. उकाडा ही गोष्ट त्यांच्या खिजगणतीत नाही. टेक्सासच्या जुलैत, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत असताना, आम्ही पुण्याचे लोक दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत पळत जायचो आणि हे पार्किंगच्या मधोमध उभे राहून कोणाशी तरी निवांत गप्पा मारत असायचे. घाम हा प्रकार त्यांना येत नसे. पण नोव्हेंबर लागला, की या माणसाचा चेहरा बदलायचा. नजर आभाळाकडे, कान टीव्हीकडे. उत्तरेकडून वारा सुटला, की जेवताना घास हातात तसाच राहायचा. "आलं," म्हणायचे. काय आलं ते विचारायची सोय नव्हती.

याला कारण होती ती व्हॅन. भाऊजी मूळचे टेलिकॉममधले इंजिनिअर. टेक्सासातल्या प्लेनोला एका मोठ्या कंपनीत होते, जवळच्या फ्रिस्कोला नवं घर घेतलं होतं, ग्रीन कार्ड हातात पडून दोन महिने झाले होते. २००१ साल होतं. एका मंगळवारी सकाळी दहा वाजता त्यांना मीटिंगला बोलावलं आणि साडेदहाला ते एक खोकं हातात घेऊन पार्किंगमध्ये उभे होते. पुढचे काही महिने त्यांनी अर्ज केले, फोन केले, ओळखीपाळखीच्या लोकांना भेटले; पण त्या वर्षी आमच्या भागातले निम्मे लोक त्याच खटपटीत होते. मग एका शनिवारी ते सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि दुपारी एक पांढरी, लांबलचक, जुनी व्हॅन घेऊन परतले. घरोघरी जाऊन कार्पेट धुण्याची व्हॅन. ताई, म्हणजे माझी मेहुणी, दारात उभी होती. तिनं विचारलं, "दूध?" भाऊजी म्हणाले, "पाहा ना, यात टाकी किती मोठी आहे!"

ज्या म्हाताऱ्या टेक्सन माणसाकडून त्यांनी ती घेतली, त्यानं किल्ली देताना एकच वाक्य सांगितलं होतं म्हणे: "हिला गारठू देऊ नकोस." तो बहुधा जाता जाता, सहज बोलला असावा. पण भाऊजींनी ते शब्द असे घेतले, की एखाद्यानं मंत्रसुद्धा इतक्या निष्ठेनं घेतला नसेल. व्हॅनच्या मागच्या भागात एक स्वच्छ पाण्याची टाकी, कार्पेटमधून ओढलेल्या मळक्या पाण्याची एक टाकी, पाणी तापवणारं यंत्र, दीडशे फूट नळी आणि या सगळ्याच्या मधोमध एक पितळी पंप होता. त्या पंपात पाणी राहिलं आणि ते गोठलं, तर पंप तडकतो. आणि पंप तडकला, की व्हॅन म्हणजे चार चाकांवरचा पत्रा. एवढं ते शास्त्र आहे.

पहिल्याच हिवाळ्यात ते अनुभवालाही आलं. मी ऑफिसात होतो. भाऊजींचा फोन. "धाकटे, पंप जमला." भाऊजी गेले काही दिवस त्या पंपाशी झटापट करत होते हे मला माहीत होतं, त्यामुळे मी मनापासून म्हणालो, "अरे वा! अभिनंदन!" मग ते म्हणाले, "अभिनंदन काहून करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो, "जमला म्हणालात ना?" "जमला म्हणजे जमला ना बाप्पा! बर्फ! पूर्ण जमला!" आम्हा पुणेकरांचं पाणी गोठतं आणि नागपूरचं जमतं, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊजी मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. संकटात असलेल्या माणसाचं अभिनंदन करणारा नातेवाईक, अशी माझी नोंद झाली होती.

तो पंप तडकलाच. नवा बसवेपर्यंत तीन आठवडे व्हॅन दारात उभी राहिली, ठरलेली कामं गेली, आणि भाऊजी तीन आठवडे दाढी न करता घरात फिरत होते. नवा पंप आला त्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि त्याला हळदकुंकू लावलं. तिथून पुढे जे सुरू झालं त्याला काळजी म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणण्यासारखं आहे.

आमच्या भागात हिवाळा म्हणजे तरी काय? वर्षातून दहा-बारा वेळा पारा बत्तीसच्या खाली जातो आणि दुपारी लोक पुन्हा अर्ध्या चड्डीत फिरतात. पण भाऊजी त्या दहा-बारा वेळांसाठी नोव्हेंबरपासून उभे राहायचे. घरातला टीव्ही हवामानाच्या चॅनलवर, आवाज बंद करून, दिवसभर चालू. रोज संध्याकाळी पाच वाजता टाक्यांमधलं पाणी काढायचं. मग नळीतून दाबाची हवा सोडून राहिलेले थेंब काढायचे. मग लाल रंगाचं, न गोठणारं द्रावण पंपातून फिरवायचं. एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस हात धुऊन जेवायला बसेल. भाऊजी त्यानंतर त्या रिकाम्या टाकीशेजारी हीटर लावायचे. मी एकदा न राहवून म्हणालो, "भाऊजी, टाकी रिकामी आहे. ऊब कोणाला देताय?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "रिकामी असली तरी टाकी आहे ना!"

खरा प्रश्न होता ती ठेवायची कुठे याचा. त्यांच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या बसत. भाऊजींनी दोन्ही बाहेर काढल्या. ताई पहाटेची उठून, डबा भरून, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला जायची. त्या अख्ख्या हिवाळ्यात गारठा पडला, की ती सकाळी काचेवरचं गोठलेलं दंव एका जुन्या क्रेडिट कार्डानं खरवडत असे आणि मागे गॅरेजमध्ये व्हॅन उबेत झोपलेली असे. व्हॅनच्या छतावरचा पंखा दरवाज्याच्या चौकटीला दोन बोटं घासायचा, म्हणून भाऊजी रोज संध्याकाळी चारही चाकांतली थोडी हवा सोडायचे, व्हॅन उलटी आत घालायचे आणि सकाळी बाहेर काढून पुन्हा हवा भरायचे. तरी ती लांबीत उरायचीच. पंप असलेला मागचा भाग आत, तोंड बाहेर. मग गॅरेजचा दरवाजा बॉनेटला टेकेपर्यंत खाली ओढायचा आणि उरलेल्या फटीत गोधड्या, जुने स्वेटर, ताईची एक काश्मिरी शाल असं काहीबाही कोंबायचं. रस्त्यावरून पाहिलं, की घरानं व्हॅन गिळायला घेतली आणि अर्ध्यावर ठसका लागला असं वाटायचं. त्यांची मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळेत बाईंनी विचारलं, तुला भावंडं किती? ती म्हणाली, "वन. इट्स अ व्हॅन."

त्याच हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. येताना दोन गोधड्या घेऊन आल्या, एक एका लेकीला आणि एक दुसऱ्या लेकीला. आठवड्याभरानं आम्ही फ्रिस्कोला गेलो तेव्हा त्या गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी भाऊजींना विचारलं, "जावईबापू, मी आणलेली गोधडी कुठे दिसत नाही ती?"

भाऊजी खरं बोलणारे. "पंपाला दिली, आई."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं ताईकडे, ताईनं छताकडे. सासूबाई आत गेल्या, व्हॅनचं मागचं दार उघडायला लावलं, वाकून ती गोधडी पाहिली. सुतळीनं बांधली होती, पण एका बाजूनं घसरली होती. सासूबाई म्हणाल्या, "असं नुसतं गुंडाळून काय होतंय? बाळाच्या अंगावरसुद्धा राहायची नाही." आणि त्यांनी माप घेतलं. पुढचे दोन दिवस त्या खिडकीपाशी बसून शिवत होत्या. आतून फ्लॅनेल, बाहेरून जुन्या इरकली साडीचं कापड, मध्ये कापूस, नळीला जायला दोन भोकं आणि खाली बांधायला बंद. पंपाला कुंची. टोकाशी गोंडासुद्धा होता. भाऊजींनी ती पंपावर चढवली, बंद बांधले आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडले. सासूबाईंचे डोळे भरून आले. मला सांगायला हरकत नाही, माझ्या पाया पडण्यानं त्यांचे डोळे कधी भरून आलेले नाहीत.

वसाहतीच्या समितीचं पत्र यायचं ते आलंच. फ्रिस्कोच्या त्या नव्या वसाहतींत गवत किती वाढवायचं, दाराला रंग कोणता द्यायचा, सगळ्याला नियम. गॅरेजचा दरवाजा बंद ठेवावा, असा एक नियम होता. भाऊजींनी उलट टपाली उत्तर पाठवलं: 'दरवाजा बंदच आहे. फक्त मध्ये व्हॅन आहे.' मग समितीच्या एक वयस्क बाई स्वतः पाहायला आल्या. भाऊजींनी त्यांना चहा दिला, सगळी यंत्रणा समजावली आणि शेवटी कुंची दाखवली. बाई बराच वेळ त्या गोंड्याकडे पाहत राहिल्या. नंतर समितीकडून पत्र आलं नाही. त्यांनी समितीत काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानंतर रस्त्यात भाऊजी दिसले, की त्या आजारी माणसाच्या घरच्यांना विचारावं तसं हलक्या आवाजात विचारत, "कसं आहे आता?"

हे सगळं वेडेपणाचंच होतं आणि आम्ही हसायचो. भाऊजी आमच्यावर रागवायचे नाहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर व्हॅनमधून कामावर गेलो होतो. परतताना मी म्हणालो, "भाऊजी, खरं सांगा, इतकं कशाला करता? पंप तडकला तर पुन्हा घेता येईल." त्यांनी आधी सिग्नलला व्हॅन थांबवली. मग म्हणाले, "धाकटे, मला त्या मंगळवारी दहा वाजेपर्यंत काहीच माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी सकाळी मी पुढच्या महिन्याच्या कामाची यादी करून राहिलो होतो. थंडी कमीत कमी सांगून येते ना! टीव्हीवर आधी दोन दिवस दाखवून राहिले असतात, येऊन राहिलं म्हणून. मग आपण तयार नाही राहिलो, तर चूक आपली." एवढं बोलून त्यांनी रेडिओ लावला. मी त्यानंतर त्या विषयावर त्यांची थट्टा केली नाही. निदान त्यांच्यासमोर तरी.

२००३ च्या सुरुवातीला त्यांना नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून फोन आला. जुन्या कंपनीतला एक सहकारी तिकडे गेला होता, त्याच्या टीममध्ये जागा होती. ताईला वाटत होतं, की हो म्हणावं. भाऊजी म्हणत, "हिवाळा जाऊ दे." सहकाऱ्यानं शेवटी त्यांना एका शुक्रवारची मुदत दिली. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, आमच्याकडे बर्फाचं वादळ आलं. भुरभुरणारा पांढरा बर्फ नव्हे. पाऊस पडायचा आणि पडल्या जागी काच व्हायचा. झाडांच्या फांद्या मोडून विजेच्या तारांवर पडल्या. आमच्या प्लेनोच्या अपार्टमेंटमधली वीज दुपारीच गेली, तेव्हा मी आणि बायको चार कपडे घेऊन फ्रिस्कोला निघालो. पंधरा मैलांना दोन तास लागले. पोचलो तेव्हा भाऊजी गॅरेजमध्ये होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुमच्याकडे पारा किती होता?"

त्या संध्याकाळी त्यांनी एक निर्णय घेतला. दरवाज्याच्या फटीतल्या गोधड्या तिथे वाया चालल्या आहेत, त्या यंत्रावरच घालाव्यात. त्यांनी फटीतलं सगळं काढलं आणि कुंचीवर एक, टाक्यांवर दोन, नळीवर एक असं पांघरूण घातलं. दोन हीटर लावले, व्हॅनची दारं घट्ट बंद केली आणि समाधानानं जेवले. गॅरेजचा दरवाजा तसाच बॉनेटवर अर्धवट टेकलेला. उत्तरेचा वारा आत येत राहिला.

सकाळी ऊन पडलं होतं. झाडं, तारा, टपालपेट्या सगळं चमकत होतं. साडेदहाच्या सुमाराला ताईनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला आणि भाऊजी मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. एकेक पांघरूण काढलं. कुंचीचे बंद सोडले. पंपाला हात लावून म्हणाले, "पाहा, पाहा, कोमट आहे!" टाकीत पाणी घेतलं, बटण दाबलं आणि यंत्र पहिल्या फटक्यात सुरू झालं. इतका आनंदलेला माणूस मी क्वचित पाहिला आहे. "आज अख्ख्या फ्रिस्कोत चालू असलेलं हे एकटं मशीन आहे, धाकटे!" एवढ्यात घरातून मुलगी आली. दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "बाबा, इट्स रेनिंग इन द लिव्हिंग रूम."

"हो बेटा, एक मिनिट," भाऊजी पंपाचा आवाज ऐकत म्हणाले.

आम्ही आत पोचलो तेव्हा दिवाणखान्याच्या छताला पोट आलं होतं. पाहता पाहता ते फाटलं आणि ओलं प्लास्टर, कापसासारखं काहीतरी आणि भरपूर पाणी सोफ्यावर आलं. मागाहून कळलं ते असं: वरच्या न्हाणीघराकडे जाणारा पाण्याचा पाइप गॅरेजच्या भिंतीतून गेला होता. उघड्या फटीतून आलेल्या वाऱ्यानं तो गोठून फुटला आणि ऊन पडल्यावर वाहायला लागला. व्हॅनचं पाणी सांभाळताना भाऊजींनी घराचं पाणी गोठवलं होतं.

"व्हॉल्व्ह! मेन व्हॉल्व्ह!" मी ओरडलो. भाऊजी जागच्या जागी गोल फिरले. व्हॅनमधले अकरा व्हॉल्व्ह त्यांना डोळे मिटून सापडत. स्वतःच्या घराचा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ताईला ठाऊक होतं. समोरच्या गवतात, फुटपाथजवळ, जमिनीतल्या लोखंडी झाकणाखाली. ती पायमोज्यांवर सपाता घालून पाना घेऊन धावली. झाकणावर बोटभर जाड बर्फ. ती परत आली, शेगडीवरचं उकळतं चहाचं पातेलं तसंच सांडशीत उचललं आणि नेऊन त्या झाकणावर ओतलं. दूध, साखर, आलं, सगळं. झाकण उघडलं, ताईनं पाना फिरवला आणि आत पाऊस थांबला.

मग भाऊजींच्या अंगात आलं. त्यांनी धावत जाऊन नळी ओढून आणली, व्हॅनमधलं यंत्र जोरात सोडलं आणि स्वतःच्या दिवाणखान्यातलं पाणी ओढायला लागले. चेहरा उजळलेला. आवाजावर आवाज चढवून आम्हाला सांगत होते, "पाहिलं? म्हणून म्हणतो ना मी! आज हे नसतं तर काय केलं असतं?" ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. पायमोजे निथळत होते. ती काहीतरी म्हणाली. भाऊजींना ऐकू आलं नाही. "काय?" त्यांनी विचारलं. ती पुन्हा म्हणाली. भाऊजींनी बाहेर जाऊन यंत्र बंद केलं आणि परत आले. घर एकदम शांत झालं.

ताई म्हणाली, "मी एवढंच विचारलं, की पंपाला कुंची आहे. मला काय आहे?"

ओरडून नाही, रडत नाही. भाजी काय करू, असं विचारावं तशी. भाऊजी हातात नळी घेऊन उभे. माझी बायको मुलीला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मला कुठे जावं कळेना, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. भाऊजींनी नळी खाली ठेवली. गॅरेजमध्ये गेले. मला वाटलं, रागावले. दोन मिनिटांनी ते दोन्ही हीटर घेऊन आले. बाहेर सव्वीस डिग्री होतं, टाकीत आताच भरलेलं पाणी होतं, पंप उघडा होता. त्यांनी दोन्ही हीटर ताईच्या पायांशी ठेवले, एक इकडून, एक तिकडून, आणि लावले. मग खाली बसून तिचे ओले पायमोजे काढले, पिळले आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत घातले.

"मॉरिसव्हिलला हो म्हणतो," ते म्हणाले.

"ते नका सांगू आत्ता," ताई म्हणाली. "पाणी कोण ओढणार आहे ते आधी सांगा." आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं, आणि भाऊजी तसेच खाली बसून राहिले, हीटरच्या उजेडात लाल दिसत.

दुपारपर्यंत घरातलं पाणी निघालं. तोवर शेजारचा एक माणूस दारात आला होता. त्याच्याकडेही तेच झालं होतं. त्याच्यामागून आणखी दोघं. मोठ्या कंपन्यांचे फोन कोणी उचलत नव्हतं, कारण त्यांच्या व्हॅनच गोठल्या होत्या. पुढचे तीन दिवस भाऊजी निसरड्या रस्त्यावरून घरोघरी गेले, ताई घरून फोन घेऊन पत्ते लिहून देत होती आणि मी नळी धरत होतो. पहिल्या दिवशी ते इतके दमून परतले, की टाक्यांतलं पाणी काढायचंच विसरले. ना हवा, ना लाल द्रावण, ना हीटर. नुसती कुंची. सकाळी आठवलं तेव्हा ते अनवाणीच गॅरेजमध्ये धावले. मी मागोमाग. पारा सतरावर गेला होता. त्यांनी बटण दाबलं. यंत्र पहिल्या फटक्यात सुरू झालं.

भाऊजींनी पंपावर हात ठेवला. "काहीच केलं नाही, तरी काहीच झालं नाही हो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला होता, की पंप तडकला असता तर बरं, असं मला वाटून गेलं.

शुक्रवारी त्यांनी मॉरिसव्हिलला फोन केला. व्हॅन विकायला काढली, तेव्हा स्थानिक चार-पाच लोक येऊन गेले; भाऊजींनी सगळ्यांना काही ना काही खोट काढून परत पाठवलं. शेवटी टेक्सासच्या पार दक्षिणेच्या टोकाहून, मेक्सिकोच्या सीमेजवळून, एक तरुण जोडपं आलं. भाऊजींनी त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडे हिवाळ्यात किती असतं? तो म्हणाला, हिवाळा? आमच्याकडे ताडाची झाडं आहेत. तिथेच व्यवहार ठरला. कुंचीही त्यांनी देऊन टाकली. त्या जोडप्यातल्या मुलीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि बाळासाठी आहे असं समजून लाजली. तिचा गैरसमज कोणीच दूर केला नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, जानेवारीत, आम्ही मॉरिसव्हिलला त्यांच्याकडे गेलो होतो. भाऊजी आता पुन्हा नोकरीत होते, पोट थोडं सुटलं होतं, बोलणं कमी झालं होतं. रविवारी सकाळी उठलो तर बाहेर बर्फ पडत होता. तिकडे तसा क्वचितच पडतो. मोठे मोठे, सावकाश येणारे पुंजके. ताई आणि भाऊजी मागच्या लाकडी ओट्यावर उभे होते. ताईच्या अंगावर भाऊजींचा जाड कोट होता. भाऊजी नुसत्या शर्टात, तळहात पुढे करून. हातावर एक पुंजका पडला, की तो विरघळेपर्यंत ते बघायचे आणि मग पुन्हा हात पुढे करायचे. मी दार सरकवून बाहेर गेलो तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग मला पाहून जरासे ओशाळले.

"छान पडते ना हो, धाकटे," ते म्हणाले. "इतकी वर्षं अमेरिकेत आहे. मी हे कधी पाहिलंच नव्हतं."

ताईनं कोटाची एक बाजू उघडून त्यांच्या खांद्यावर घेतली, आणि ते दोघं तसेच, एका कोटात, बर्फ थांबेपर्यंत उभे राहिले. मी आत येऊन दार लावून घेतलं.